फिल्टर काही निघेना!

मेकॅनिकलच्या थर्ड इयरला गेलेल्या मुलाला काय काय दुरुस्त करता येतं, याबद्दल गावातल्या लोकांच्या फार मोठ्या कल्पना असतात. मिक्सर, विहिरीवरची मोटर, शेजारच्या काकूंचा टीव्ही, सगळं आपल्याकडे येतं. आणि ट्रॅक्टर तर घरचाच! त्यामुळे गेल्या जूनमध्ये, पेरणीच्या आदल्या दिवशी, बाबांनी ऑईल बदलायचं काम माझ्यावर टाकलं तेव्हा मी अगदी रुबाबात पाने काढून बसलो. पुढे जे झालं ते सांगायला थोडी लाज वाटते. पण त्यातून एक साधा ऑईल फिल्टर मला दोन सेमिस्टरचं मेकॅनिक्स शिकवून गेला, म्हणून लिहितो.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. (१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम वेगळा जिल्हा झाला, तरी आमचे आजोबा शेवटपर्यंत 'जिल्हा अकोला' असंच लिहायचे.) आमच्याकडे खरीप म्हणजे सोयाबीन आणि तूर. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, आणि तेवढा पाऊस झाला की सगळ्यांनाच एकदम पेरायचं असतं. आमची जमीन काळी, चिकट. पाऊस पडल्यावर लगेच शिरलं तर चाकाला गोळे होतात, आणि फार थांबलं तर वरचा ओलावा उडतो. मधले जे दोन-तीन दिवस असतात तो वाफसा. तो गेला की परत पावसाची वाट. त्यात आमचा ३५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आमच्या शेतापुरता नाही, आजूबाजूच्या पाच जणांची पेरणी बाबांनी त्याच्यावर घेतलेली होती. गुरुवारी सकाळी सुरुवात करायची. मी पाना हातात घेतला तो बुधवारी दुपारी तीनला.

तास बघितले तर मागच्या बदलापासून ३०० च्या जवळ गेले होते. मॅन्युअलमध्ये २५० दिलेले. म्हणजे उशीर झालेलाच होता. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम केलं, चेंबरचा नट सोडला, सात-साडेसात लिटर काळंभोर ऑईल घमेल्यात काढलं. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. मग फिल्टरला हात घातला. हलेना!

आता फिल्टर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण कॉम्प्युटर आणि आयटीवाले मित्रही हे पान वाचतात (असं संपादक म्हणतात). सुरुवातीच्या गाड्यांना ऑईल फिल्टरच नव्हता. अमेरिकेत १९२३ मध्ये अर्नेस्ट स्वीटलंड यांनी 'प्युरोलेटर' आणला, तिथून ऑईल गाळायची पद्धत रुळली. पुढे बरीच वर्षं एका लोखंडी वाटीत कागदाचा किंवा कापडाचा गाळणा ठेवून मधून एक लांब बोल्ट आवळायची रीत होती. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरवर ती वाटी अजून दिसते. १९५० च्या दशकात स्पिन-ऑन आला, म्हणजे सगळा डबाच फिरवून लावायचा आणि फिरवूनच काढून फेकायचा. डब्याच्या आत घड्या घातलेला कागद, तोंडाशी जाड पत्र्याची चकती, तिच्या मधोमध आटे, कडेने तेल आत जायची छिद्रं, आणि चकतीच्या बाहेरच्या बाजूला रबरी रिंग. इंजिनावर एक पोकळ स्टड असतो, त्याच्यावर हा डबा आवळला की रिंग दाबली जाते आणि तेल बाहेर येत नाही. गंमत अशी की एवढं सगळं टिकून असतं ते त्या रबराच्या रिंगवर, आणि अडकतं तेही तिच्यामुळेच.

आपण म्हणतो 'आटे जाम झाले'. बहुतेक वेळा आटे जाम झालेले नसतात. ते तर सतत तेलात असतात, गंजणार कसे? हिशेब करून बघा. बऱ्याच फिल्टरना पाऊण इंच, इंचाला १६ आटे असा यूएनएफ स्टड असतो. आट्याची सरासरी त्रिज्या ९ मिलिमीटरच्या आसपास. रबरी रिंगची त्रिज्या ३५ मिलिमीटर धरा. दाब दोन्हीकडे तेवढाच, पण रिंगचं घर्षण चौपट लांबून काम करतं. वर रबराचा घर्षणगुणांक तेलकट लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे भांडण रिंगशी आहे, आट्यांशी नाही. हे एकदा डोक्यात बसलं की फिल्टरवर रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे ओतत बसण्यात अर्थ का नाही ते कळतं.

दुसरी गोष्ट. मशीन डिझाइनमध्ये आपण पाठ करतो की स्क्रू आवळायला जेवढा टॉर्क लागतो त्यापेक्षा सोडायला कमी लागतो, कारण आवळताना फाय अधिक लॅम्डा आणि सोडताना फाय वजा लॅम्डा. या स्टडचा लॅम्डा काढला तर जेमतेम १.६ अंश येतो, म्हणजे फरक नावालाच. आणि पुस्तक हे गृहीत धरतं की दोन्ही वेळी पृष्ठभाग तेच आहेत. इथे ते तेच राहत नाहीत. नायट्राइल रबर शेकडो तास १०० अंशाच्या आसपास भाजलं जातं, कडक होतं, दाबलेल्या आकारातच बसतं आणि समोरच्या धातूला चिकटतं. लावताना रिंगला तेलाचं बोट फिरवलं असेल तर मध्ये एक पातळ थर राहतो. कोरडी लावली असेल तर ती आवळतानाच पिळवटते आणि नंतर डिंकासारखी बसते.

लावताना आवळायचं किती? तर रिंग टेकेपर्यंत सहज फिरवायचं आणि तिथून पुढे हातानेच अर्धा ते पाऊण फेरा, फिल्टरच्या डब्यावर छापलेलं असतं तसं. इंचाला १६ आटे म्हणजे एका फेऱ्याला १.५९ मिलिमीटर. पाऊण फेऱ्यात रिंग १.२ मिलिमीटर दाबली जाते. झालं, एवढंच पाहिजे. त्याला साधारण १५ ते २० न्यूटन-मीटर लागतात आणि ते हाताने जमतात. पाना लावायची गरज नाही. उलट पाना हा काढायलाच असतो, लावायला नाही.

हे सगळं मला बुधवारी दुपारी माहीत नव्हतं. माहीत असतं तर मागच्या दिवाळीत तो फिल्टर मी कोरडा लावला नसता, आणि 'आता बापजन्मात गळणार नाही' असं म्हणून चेन पान्याने आवळलाही नसता. हो, तो मीच लावलेला होता. बाबांना तेव्हा माहीत नव्हतं. हा अंक घरी गेला की कळेल.

असो. तर हाताने निघेना. हात तेलकट, डबा तेलकट. डब्याचा व्यास ९५ मिलिमीटर, म्हणजे २० न्यूटन-मीटरसाठी कडेवर सुमारे ४२० न्यूटन, ४३ किलोचा ओढा लागतो. कोरड्या हाताचा घर्षणगुणांक ०.४ धरला तर डबा १०५० न्यूटनने आवळून धरायला पाहिजे. दोन्ही हातांनी जोर केला तर कसंबसं. तेलाने तोच ०.१ झाला की ४२०० न्यूटन. पैलवानाच्या हातूनही होणार नाही. म्हणून पहिली गोष्ट, डबा चिंधीने कोरडा करायचा, पुसून झाला की परत पुसायचा, आणि त्याच्याभोवती पॉलिश पेपर खरखरीत बाजू आत करून गुंडाळायचा. निम्मे फिल्टर यानेच निघतात.

माझा निघाला नाही. मग मी पंपाचा जुना पट्टा आणला, डब्याला गुंडाळला आणि मध्ये गजाचा तुकडा घालून पीळ दिला. हा गावठी पट्टा-पाना म्हणजे फर्स्ट इयरचं बेल्ट फ्रिक्शन आहे. ताणलेल्या आणि ढिल्या बाजूच्या ताणांचं गुणोत्तर म्हणजे ई चा म्यू-थीटा घात. पट्टा पाऊण वेढा, म्हणजे २७० अंश, ४.७१ रेडियन. म्यू ०.३ असेल तर गुणोत्तर ४.१ येतं. तेलामुळे तोच ०.१ झाला तर १.६. परीक्षेत ही बेरीज करताना हे आकडे कशाचे आहेत हे मला कधी वाटलंच नव्हतं! डबा पुसण्यात आळस केला तर अडीचपट जोर फुकट जातो. आणि एक वेढा जास्त दिला तर गुणोत्तर आणखी सहा-साडेसहापट वाढतं, कारण थीटा घातात बसलेला आहे. हा खरा फायद्याचा धंदा.

मी दोन वेढे दिले. पट्टा घट्ट बसला. वरून, सीटच्या बाजूने वाकून, घड्याळाच्या उलट दिशेने जोर लावला. फिल्टर हलला! पाव फेरा गेला. मी खूश. आणखी जोर लावला तर एकदम दगड झाला.

तेवढ्यात आमचे मिस्त्री आले. ते वाशीमला गॅरेज चालवतात, आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा रोटावेटर बघायला गावात आलेले. बाबांनी त्यांना हाक मारली. ते बाजूला उभे राहून पाच मिनिटं बघत होते.

"काय करून राह्यला बापू?"

"फिल्टर सोडतोय काका."

"सोडून राह्यला का आवळून राह्यला? खाली निजून पाह्य बरं एकदा."

मी खाली निजून बघितलं. आमच्या ट्रॅक्टरचा फिल्टर उभा लोंबतो, तोंड वर आणि बूड खाली. डबा बुडाकडून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरवायचा. पण तोच वरून बघितला की दिशा उलटी होते, म्हणजे वरून बघणाऱ्याला तो घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसला पाहिजे. मी दिवाळीतल्या आवळण्यात आणखी पाव फेरा, म्हणजे ०.४ मिलिमीटरची भर घातली होती. ग्राफिक्समध्ये फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगलमध्ये माझे मार्क का जात होते ते बाबांना त्या दिवशी कळलं. (ज्यांचा गोंधळ होतो त्यांनी खडूने डब्यावरच बाण काढावा. मी आता काढतो.)

बाबा म्हणाले, "राहू दे आता. नवं ऑईल टाक अन् जुन्याच फिल्टरवर पेरून घेऊ. पेरणी झाल्यावर पाहू."

खरं सांगतो, हा सल्ला मला फार आवडला होता. पाच वाजत आले होते. पण ३०० तास झालेल्या फिल्टरचा कागद भरत आलेला असतो. तो चोंदला की दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढतो, आणि साधारण १ ते २ बारच्या दरम्यान बायपास व्हॉल्व्ह उघडतो. तो असतोच त्यासाठी, की बेअरिंगला तेल नसण्यापेक्षा घाणेरडं तेल बरं. म्हणजे ट्रॅक्टर थांबत नाही, दिवा लागत नाही, काही कळतच नाही, आणि न गाळलेलं तेल क्रँकच्या बेअरिंगला जात राहतं. मिस्त्री एवढंच म्हणाले, "पाच जनाची पेरनी घेतली ना भाऊ? मंग मधात बसला तं?" बाबा गप्प झाले.

आता योग्य दिशेने पट्टा लावला तर तो घसरायला लागला. मिस्त्रींची चेन मागच्या गावी राहिलेली. ते म्हणाले थांब, मी मोटरसायकलची जुनी चेन बघतो. ते गेले आणि मला घाई झाली. सगळ्यांनी ऐकलेला उपाय मी केला. मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि हातोडीने डब्यातून आरपार घातला.

हा उपाय चुकीचा नाही, पण शेवटचा आहे. एकदा भोक पाडलं की परतीचा रस्ता बंद. फिल्टर निघो न निघो, ट्रॅक्टर तर आता चालूच करता येत नाही. त्यामुळे भोक पाडायच्या आधी नवा फिल्टर हातात आहे का, त्याचे आटे आणि रिंग जुन्याशी जुळतात का, हे बघितलंच पाहिजे. (नशिबाने नवा होता आणि बरोबरही होता. पण मी बघितलं नव्हतं.) दुसरं म्हणजे भोक कुठे पाडायचं. डब्याचा पत्रा पातळ, मधोमध भोक पाडून पीळ दिला की तो चिरत जातो. चकतीजवळ जिथे पत्रा दुमडून बसवलेला असतो तिथे ताकद असते, म्हणून शक्य तेवढं चकतीजवळ पाडायचं. पण फार जवळ गेलं तर आतल्या स्टडवर घाव बसतो आणि त्याचे आटे गेले तर काम फिल्टरवरून इंजिनावर जातं. म्हणून स्टडचं टोक जिथे संपतं त्याच्या जरा पुढे.

मी मधोमध पाडलं. पीळ दिला. पत्रा चिवड्याच्या पुड्यासारखा फाटला, उरलेलं तेल कोपरापर्यंत आलं, आणि दहा मिनिटांनी डबा माझ्या हातात होता आणि चकती इंजिनावर. पकडायला आता काहीच नाही.

मिस्त्री चेन घेऊन परत आले. चेनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चेन पिशवीत टाकली. रागावले नाहीत. आमच्या शेजारचा एक मुलगा म्हणाला, गॅसची बत्ती लावू का, गरम केलं की सुटते. मिस्त्रींनी त्याला जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही. तेलाने माखलेल्या इंजिनाला, बाजूला डिझेलची नळी असताना, आग दाखवायची नाही. रबर मऊ करायला इंजिनाची स्वतःची ऊब पुरते, म्हणूनच काम गरम इंजिनावर सुरू करायचं, फक्त हात भाजणार नाही इतकं.

मग त्यांनी पत्रा कात्रीने उरलेला सगळा पत्रा आणि कागद कापून काढला. नुसती चकती राहिली. चकतीला कडेने तेलाची छिद्रं असतात. एका छिद्राच्या कडेला बोथट छिन्नी तिरपी टेकवली आणि सोडायच्या दिशेने हलके हलके ठोके द्यायला लागले. धारदार छिन्नी का नाही, विचारलं. "कापाचं नाही, फिरवाचं हाय." दोन ठोके इथे, मग समोरच्या छिद्रात दोन, मग परत इकडे. एकाच जागी ठोकलं तर चकती एका बाजूला कलते आणि आट्यात अडकते. पट्ट्याने एकसारखा जोर लावूनही जे चिकटलेलं सुटत नाही ते झटक्याने सुटतं, म्हणूनच इम्पॅक्ट पाना काम करतो. आठव्या की नवव्या ठोक्याला 'टक्' असा वेगळा आवाज आला. मिस्त्रींनी छिन्नी खाली ठेवली आणि चकती बोटांनी फिरवून काढली. बोटांनी! एवढा वेळ ज्याच्यासाठी मी घाम गाळला ते शेवटी दोन बोटांनी निघालं.

सात वाजले होते. मी नव्या फिल्टरच्या रिंगला तेल लावलं (आता न सांगता), डब्यात अर्धं ऑईल भरलं आणि लावायला निघालो. मिस्त्रींनी मनगट धरलं. "जुन्याचं रबर कुठं हाय?"

चकतीवर बघितलं, खाच रिकामी. जमिनीवर नाही. त्यांनी माझंच बोट धरून फिल्टर बसतो त्या जागेवर फिरवलं. रबर तिथेच चिकटलेलं होतं. काळ्या तेलात काळी रिंग, संध्याकाळच्या उजेडात अजिबात दिसत नव्हती. तिच्यावर नवा फिल्टर लावला असता तर रिंगवर रिंग बसली असती. सुरुवातीला गळतही नाही. गुरुवारी सकाळी थंड, दाट तेलाचा दाब चढला की वरची रिंग सरकते आणि पंप सगळं तेल मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर फेकतो. पेरणी यंत्र मागे, आवाज चालू, दिव्याकडे कोण बघतंय! बेअरिंग धरेपर्यंत कळत नाही. तिथे मला खरी भीती वाटली. फाटलेला डबा दिसत तरी होता.

रिंग लाकडी चिपाटीने सोडवली. लोखंडी पातं लावायचं नाही, कारण ती बैठक बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर ओरखडा पडला की नवी रिंगही गळते. स्टड हलत नाही ना ते बघितलं, कारण कधी कधी चकतीबरोबर तोही सुटतो. जागा पुसली. फिल्टर रिंग टेकेपर्यंत फिरवला, डब्यावर खडूची रेघ मारली आणि तिथून पाऊण फेरा. हाताने. मिस्त्रींनी पाना पिशवीत ठेवून पिशवी स्वतःच्या काखेत धरली होती.

ऑईल भरून इंजिन चालू केलं. दोन-तीन सेकंदांत दाबाचा दिवा विझला. पाच मिनिटं हळू चालवून फिल्टरच्या कडेवरून कोरडं बोट फिरवलं, कोरडंच राहिलं. बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघितली, थोडं ऑईल कमी होतं, तेवढं घातलं. जुनं ऑईल कॅनमध्ये भरून मिस्त्रींकडे दिलं, त्यांच्याकडे ते गोळा करणारा येतो. आधी आम्ही बांधाच्या कडेला ओतायचो. तिथून विहीर वीस पावलांवर आहे.

मिस्त्री गेल्यावर मी फाटलेल्या डब्यातला कागद उलगडून बघितला. घड्यांमध्ये काळा चिखल, आणि बोटांनी चोळल्यावर उजेडात चमकणारी बारीक कण्यांची भुकटी. चुंबक फिरवलं तर थोडी चिकटली, थोडी नाही. जी चिकटली नाही ती बहुधा बेअरिंगची. बाबांना दाखवली. त्यांनी ती अंगठ्यावर घेऊन बराच वेळ बघितली आणि आत जाऊन ऑईल पेंटचा जुना डबा आणला. नव्या फिल्टरवर त्यांनी तारीख आणि तास लिहिले, आणि त्याखाली बाण काढला. खाली निजून, बुडाकडून बघून.

गुरुवारी सकाळी सहाला ट्रॅक्टर शेतात होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत सहाही शेतं पेरून झाली, रविवारी पाऊस आला.